उशिरा पोचलेला उजेड

मंगळवार पेठेतल्या झुंबरबाईंच्या घरी त्या उन्हाळ्यात दोनच विषय होते. पाऊस कधी येणार आणि सगुणाचं काय होणार. पाऊस कुणाच्या हातात नव्हता. सगुणाचं मात्र तिनं स्वतःच्या हातात घेतलं होतं आणि तेच साऱ्या पेठेला खुपत होतं.

सगुणा झुंबरबाईंची एकुलती लेक. मुलींच्या शाळेत शिक्षिका, आणि विधवा. नवरा हंबीरराव पलटणीबरोबर बसऱ्याकडच्या वाळवंटात लढायला गेला आणि दोन वर्षांमागं तो कामी आल्याची नुसती तार आली. देह नाही, दिवस नाही, कुठं पडला त्याचा पत्ता नाही. मग भाऊबंदांनी पंचगंगेच्या घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला हंबीररावाचा फेटा बांधला आणि जाळला. सगुणाच्या फोडलेल्या बांगड्यांचे तुकडे राखेबरोबर नदीत सोडले. सोनेरी टिकल्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या त्या. तसला माल पुन्हा बाजारात आला नाही.

गेल्याच वर्षी दरबारानं विधवाविवाहाचा कायदा केला होता. पण कायदा बदलला म्हणून पेठ थोडीच बदलते! हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या कृष्णात मास्तरांनी सगुणाला मागणी घातली, ती हो म्हणाली आणि भाऊबंद गोळा झाले. करायचंच तर गुपचूप पाट लावा, म्हणाले. अंधारात, वाजंत्रीशिवाय, सवाष्णींची नजर चुकवून.

"चोरी केलीया व्हय मी?" सगुणा म्हणाली. "दिवे लावून करीन. चुडा भरून करीन."

झुंबरबाईंना राहवेना. त्यांनी गुंडूशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्री ओसरीवर पंचांग उघडून बसले. हा माणूस लबाड असता तर सगुणाला बरं पडलं असतं. पण शास्त्री लबाड नव्हते, दक्षिणेलाही कधी हटून बसत नसत. अडचण होती ती हीच.

"श्रवण नक्षत्रापाशी नवा तारा उगवणार आहे," ते म्हणाले. "येत्या अमावास्येच्या सुमारास."

"मास्तरबी तेच म्हणत्यात," सगुणा म्हणाली. "तितला एक बारका तारा दुर्बिणीतनं कमीजास्त हुताना दिसतोय. भडकणार म्हणत्यात."

शास्त्र्यांनी मान वर केली. मास्तरांचं आणि आपलं जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग पुढचं ऐका. तार आली तीच तिथी तुम्ही हंबीररावांची धरलीत."

"मरायचा दिस ठावं नसंल तर दुसरं काय करायचं वो?" झुंबरबाई म्हणाल्या.

"शास्त्राला ते चालतं, झुंबरबाई. पण बातमी तुम्हाला पोचली. त्यांना कुणी पोचवली? परमुलखात एकटा पडलेला माणूस. तू मेलास, हे त्याला सांगायला तिथं कोण होतं?" त्यांनी पंचांग मिटलं. "त्यांचा जन्म श्रवणावरचा. तो तारा पेटेल तेव्हा त्यांना कळेल. आणि कळल्यावर माणूस आधी घरीच येतो."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. सगुणाला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला. दोन्हींत राग वरचढ ठरला.

"येऊ द्यात की मग," ती म्हणाली. "चुडा बघून जातील."

संध्याकाळी रंकाळ्याच्या बांधावर तिनं हे सगळं मास्तरांना सांगितलं. मास्तर मूळचे पेठ वडगावचे, भिडस्त गृहस्थ. ताऱ्यांचा विषय निघाला की मात्र भीड पार पळायची.

"तारा आत्ता न्हाई भडकायचा, सगुणाबाई. भडकून गेलाय तो कवाच. उजेडालाबी चालत यावं लागतं. निघाला तवा ह्या बांधाचा एक दगडसुद्धा बसला नसंल. आपल्याला दिसणार ती नुसती बातमी, उशिरा पोचलेली."

धीर द्यायला म्हणून ते बोलले होते. सगुणाच्या अंगावर मात्र काटा आला. ओसरीवर बसलेला माणूस आणि बांधावर बसलेला माणूस, दोघं एकच सांगत होते.

"मग दिवस कुठला धरायचा?" तिनं मुद्दामच विचारलं.

"शनिवार. अमावास्या हाय, आभाळ काळंभोर मिळंल."

शनिवारची अमावास्या, आणि लग्न! सगुणा इतकी हसली की बांधावरच्या बायका वळून बघू लागल्या. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर वाळू होती.

चिमूटभरच. पांढुरकी, पिठासारखी मऊ. पंचगंगेची वाळू काळसर आणि भरड असते. सगुणानं ती झाडून टाकली. पुढच्या सकाळी ती आत, पाण्याच्या घागरीपाशी निघाली. नंतर पेटीतल्या तिच्या नव्या पातळाच्या घडीत. झुंबरबाईंनी पाहिलं आणि देवापुढं दिवा लावला.

"वाऱ्यानं आली असंल," मास्तर म्हणाले. मग त्यांनी ती बोटांत चोळली, उजेडात धरून पाहिली. "पर हिकडची न्हाई ही," ते पुटपुटले, आणि विषय बदलला.

शनिवारी सकाळी कचेरीत सह्या झाल्या. दिवेलागणीला चुडा आणि हार, एवढंच उरलं होतं. ढग सकाळपासून होते, तिन्हीसांजेला आपोआप फाकले. मास्तर दुर्बीण घेऊन माडीवरच्या गच्चीत जाऊन बसले. नवरदेव कुठं, तर गच्चीत! याचीही पेठेनं थट्टा केली.

चुडा भरायला खतिजाबी मणेर आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिसत काहीच नव्हतं, पण साऱ्या पेठेची मनगटं तिच्या बोटांना पाठ होती. सगुणाचा पहिला चुडाही तिनंच भरला होता.

डावा हात झरझर भरला. उजवा हात मांडीवर घेऊन तिनं बोटं दाबली, सांधे मऊ केले, बांगडी चढवायला घेतली आणि थांबली.

"पोरी, ही कुणाकडनं भरलीस?"

"कुठली?"

"ही की." खतिजाबीचं बोट सगुणाच्या मनगटाभोवती हळूहळू फिरलं. मनगट उघडं होतं. बोट कातडीला टेकतच नव्हतं, सूतभर वरूनच गोल जात होतं. "टिकल्यांची हाय. माझ्याच हातची हाय."

झुंबरबाईंनी हातातली समई मनगटाजवळ आणली.

"खतिजाबी, तू भर," सगुणा म्हणाली.

"अगं, पण ही..."

"तिच्यावरनं भर. हात माझा हाय."

खतिजाबीनं ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेतलं आणि भरत गेली. भरून झाल्यावर सगुणानं रीतीप्रमाणं वाकून तिला नमस्कार केला. नेहमी तोंडभर आशीर्वाद देणारी ती बाई आज नुसत्या उरलेल्या बांगड्या आवरू लागली.

तेवढ्यात गच्चीतून हाक आली. "आला! सगुणाबाई, आला!"

हार घेऊन दोघी मायलेकी गच्चीत गेल्या. पूर्वेला, घरांच्या कौलांवर, आदल्या रात्रीपर्यंत जिथं काही नव्हतं तिथं एक तारा लखलखत होता. पांढरा, किंचित निळसर. गल्लीत माणसं बाहेर आली, बोटं दाखवू लागली. मास्तर रडत होते, आनंदानं, अगदी लहान पोरासारखे.

खाली कोपऱ्यावर गुंडूशास्त्री हात जोडून उभे होते. ते आभाळाकडं बघत नव्हते. घराच्या दाराकडं बघत होते.

दाराची कडी वाजली.

झुंबरबाईंनी वाकून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

सगुणाचं उजवं मनगट गार पडलं. कुणीतरी ते धरलं होतं. ओढत नव्हतं, दुखवत नव्हतं. नुसतं धरून होतं.

तिला हंबीररावाचं वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. चांगला माणूस होता. इतके दिवस कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. पण वाईट वाटलं म्हणून जन्मभर थांबायचं, हे तिला कबूल नव्हतं.

"कळलं न्हवं?" ती हलकेच म्हणाली. "आता जावा."

हात शिळेसारखा जड झाला. त्याच हातानं तिनं हार उचलला आणि मास्तरांच्या गळ्यात घातला.

सोमवारी शाळा होती. चुडा भरलेली बाई वर्गात आली तसा पोरींचा गलका थांबला. कुणाच्या आया काय बोलल्या असतील, ते सगुणाला त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर वरच्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली. हात उंच गेला तशा बांगड्या खळखळत कोपराकडं घसरल्या.

पहिल्या रांगेतली बायडा, चौकस पोर, उठून उभी राहिली.

"बाई, समद्या बांगड्या खाली आल्या की."

"मग?"

"ती टिकल्यांची एकटीच वर का ऱ्हायली?"

सगुणानं मनगटाकडं पाहिलं. मनगट उघडं होतं. फळ्याच्या खालच्या चौकटीवर, खडूच्या भुकटीशेजारी, पांढुरकी वाळू झरून पडत होती.

"ती माझी न्हाई," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द लिहायला लागली.

मनगटावरची पकड घट्ट झाली. तिनं खडू आणखी दाबून धरला.