इग्नात्स कोठीत का शिरला?

"माझे बाबा निष्काळजी नव्हते. तेवढं एक सिद्ध करून द्या," असं म्हणत नेझा ओसोयनिकने पोलिसांकडून आणलेले फोटो टेबलावर ठेवले. मग इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला आवरेना.

झोफिया होयनिकने तिला रडू दिलं. पंधरा वर्षं विमा कंपनीसाठी अपघात तपासल्यावर या बाईने स्लोव्हेनियातल्या मारिबोरमध्ये स्वतःचं खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. तिची गाडी चालवणारा आणि कागद सांभाळणारा त्स्वेतको, एकेकाळचा पोस्टमन, मुकाट्याने चहा ठेवायला उठला. कुणी रडायला लागलं की आपल्या हातांचं काय करावं हे त्याला साठी उलटली तरी उमगलं नव्हतं.

पोहोर्ये डोंगराच्या उतारावरच्या येलोव्नित्सा गावात सहा वर्षांपूर्वी तीन देशांचा एक प्रकल्प आला. घरोघरच्या तेलाच्या भट्ट्या गेल्या आणि गावाच्या टोकाला एक तापघर उभं राहिलं. तिथे पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, जाळून पाणी तापवायचं आणि ते नळांनी सगळ्या घरांत खेळवायचं. हे सगळं इग्नात्स ओसोयनिकच्या हातात होतं. मंगळवारी दुपारी तो पेलेटच्या कोठीत मेलेला सापडला.

"साठवलेल्या पेलेटमधून विषारी वायू सुटतो. त्याला वास नसतो, रंग नसतो," नेझा म्हणाली. "म्हणून दारावर पाटी आहे. आधी दार उघडून हवा खेळवा, वायू मोजायचं यंत्र बरोबर घ्या, एक माणूस बाहेर उभा ठेवा. ती पाटी बाबांनीच रंगवली. आणि गाव म्हणतंय, म्हातारा स्वतःच्याच चुकीने गेला. अहवालात तेच आहे."

"यंत्र कुठे सापडलं?"

"भट्टीच्या खोलीत, खुंटीवर. बंद."

झोफियाने भिंगातून फोटो पाहिले. इग्नात्स पालथा पडला होता. डोकं उंबऱ्याशी, पाय आत, दोन्ही हात दाराबाहेर ढकलल्यासारखे पसरलेले. कोठीतल्या ढिगाच्या मधोमध एक रुंद चर पडला होता, थेट दारापर्यंत आलेला. चराच्या तळाशी दोन बारीक समांतर रेघा होत्या.

"बुटांचा फोटो आहे का?" तिने विचारलं.

होता. चवड्यांवर भुशाची पिवळी पूड होती. टाचा स्वच्छ होत्या.

"बरं," झोफिया एवढंच म्हणाली. त्स्वेतकोला त्यात बरं असं काहीच दिसलं नाही.

*

तापघरात त्यांना हेल्गा भेटली. ती प्रकल्पाचं काम बघायला ऑस्ट्रियातल्या ग्राझहून येत असे. मंगळवारी प्रेत तिलाच दिसलं होतं.

"शुक्रवारी तिन्ही देशांचे पाहुणे येणार आहेत. त्याच्या तयारीसाठी मी आले," ती म्हणाली. "कोठीचं दार सताड उघडं होतं. आजही डोळे मिटले की तेच दिसतं हो."

"कुणाची तक्रार होती का प्रकल्पाविरुद्ध?"

हेल्गा घुटमळली. "एक निनावी पत्र आलं होतं. पेलेटमध्ये रंग दिलेल्या जुन्या फर्निचरचा भुसा मिसळतात म्हणून. मी प्रकल्पाच्या पत्रकात छापून टाकलं, पुरावा द्या, आम्ही तपासतो."

"पुरावा म्हणजे?"

"मूठभर पेलेट. दुसरं काय!"

भट्टीच्या खोलीतून कोठीपर्यंत झोफियाने पावलं मोजली. बावीस. मग तिने कोठीचं दार उघडलं, बराच वेळ हवा खेळू दिली आणि उंबऱ्यावरूनच आत वास घेतला. त्स्वेतकोनेही नाक पुढे केलं.

"दारं-खिडक्या रंगवल्यासारखा वास येतोय," तो म्हणाला. "जवसाच्या तेलाचा. म्हणजे पत्र खरंच होतं की काय, बाई?"

*

"खोटं! साफ खोटं!" पेलेट पुरवणारा मातेव्झ कारखान्याच्या अंगणात उसळला. "माझ्या मालात रंगाचा थेंब सापडला तर मला माझ्याच भट्टीत घाला. सोमवारी पहिल्यांदाच पाइनच्या लाकडाचा माल दिला. आजवर स्प्रूस देत होतो. ताजा पाइन असाच वास मारतो, आणि वायूही जास्त सोडतो. इग्नात्सला बजावून सांगितलं होतं मी."

"हा वास रस्त्यावर येतो का?"

"छे! टँकरमधून बंद नळीने माल आत फुंकतो आम्ही. दार उघडून आत डोकावल्याशिवाय कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"पाइन आणल्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"मी आणि इग्नात्स."

परत गाडीत बसताना त्स्वेतको म्हणाला, "हाच तो. पुरावा नाहीसा करायला आत गेला आणि इग्नात्सने पकडलं त्याला."

"स्वतःचाच बारा टन माल नाहीसा करायला? काय मुठीमुठीने नेणार होता? गाडी सुरू करा."

*

तिसरी भेट स्ताने पुश्निकची. तीस वर्षं त्याने अख्ख्या दरीत भट्टीचं तेल पोचवलं होतं. तो आणि इग्नात्स शाळेपासूनचे दोस्त. नेझाच्या बाप्तिस्म्याला तिला मांडीवर घेऊन बसलेला हाच. तापघर आलं, तेलाचा धंदा बसला आणि दोघांचं बोलणं तुटलं.

नेझाही त्यांच्याबरोबर आली होती. स्ताने स्वयंपाकघरात शाल पांघरून बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मंगळवारपासून असेच आहेत," त्याची बायको सलगमाचं सूप ढवळत म्हणाली. "ओकारी काय, डोक्यात घण काय! ताप नाही, खोकला नाही, पण उठवत नाही."

"तापघरात कधी गेला होतात?" झोफियाने विचारलं.

"मी?" स्ताने करवादला. "सहा वर्षांत पायरी चढलो नाही त्या घाणीची. रंगाच्या डब्यासारखा वास मारतंय ते. पाहुण्यांना दाखवा म्हणावं ते."

सुपातला डाव थांबला. झोफियाने खुर्ची ओढली आणि ती त्याच्या समोर बसली.

"तो वास सोमवारी आला, पुश्निक. बंद दाराआड. सहा वर्षांत पायरी न चढलेल्या माणसाला तो कसा कळला?"

स्ताने शालीचा काठ पिळू लागला.

"मग मी सांगते. तुम्ही निनावी पत्र लिहिलंत. पुरावा मागितला गेला, म्हणून मंगळवारी सकाळी मूठभर पेलेट आणायला कोठीत शिरलात. दाराजवळचा माल बाहेरून कुणी आणून टाकला असं म्हणतील, म्हणून आतपर्यंत गेलात आणि तिथेच कोसळलात. इग्नात्सने उघडं दार पाहिलं. यंत्र बावीस पावलांवर होतं. जाऊन यायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण त्याने तेवढंही थांबायचं नाकारलं."

"कशावरून?" त्स्वेतकोच्या तोंडून निघून गेलं.

"चराच्या तळाशी दोन रेघा होत्या. काखेत हात घालून उताण्या माणसाला ओढलं की त्याच्या टाचांच्या तशाच रेघा उमटतात. इग्नात्सच्या टाचा स्वच्छ होत्या. म्हणजे ओढला गेला तो दुसराच माणूस. उंबऱ्याशी आल्यावर इग्नात्स त्या माणसाच्या पायांकडे, आतल्या बाजूला आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्याला बाहेर ढकललं. त्यातच त्याच्या चवड्यांना पूड लागली, हात पुढे राहिले. तिथे त्याचा दम संपला. बिनतापाची डोकेदुखी आणि ओकारी, हे त्याच वायूचं काम. बरोबर ना?"

स्तानेने शाल तोंडावर ओढून घेतली. आतून आलेला आवाज त्स्वेतकोला ओळखू आला नाही.

"जाग आली तेव्हा मी बर्फात होतो. तो उंबऱ्यावर. हलवलं मी त्याला, नेझा. हलला नाही."

"श्वास चालू होता का, काका?"

"पाहिलं नाही." त्याने शालीतून तोंड बाहेर काढलं. "लोक म्हणतील, चोरी करायला गेला आणि मित्राला खाऊन आला. एवढंच डोक्यात आलं. पळालो मी."

"बाबा काही बोलले का? ओढताना?"

"अर्धवट शुद्धीत शिव्या ऐकल्या त्याच्या. 'बैला, उठ की रे,' म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला माझ्याशी."

स्तानेच्या बायकोने चूल विझवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नेझा उठली. तिचा आवाज स्थिर होता.

"काका, मी कुणाला सांगणार नाही. पोलिसांना आणि गावाला तुम्हीच सांगायचं. शुक्रवारी, सगळ्यांसमोर. बाबा चुकीने नाही गेले, एवढं सगळ्यांनी तुमच्या तोंडून ऐकायचं."

*

शुक्रवारी स्ताने पुश्निक सभेत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. जर्मनमध्ये सांगणारी दुभाषी मुलगी मध्येच थांबली. पुढचं कुणी तिला विचारलंही नाही. नेझा पहिल्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर गावातल्या बायका एकेक करून तिच्यापाशी आल्या, तिचे हात हातात धरून गेल्या.

परतीच्या वाटेवर त्स्वेतको गाडी हळू चालवत होता. दरी मागे पडल्यावर त्याने विचारलं, "बाई, स्तानेने तेव्हाच डॉक्टरला फोन केला असता तर?"

"शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांना मी परवाच विचारलं."

"मग?"

झोफियाने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा घातले.

"पडल्यावर तासभर तरी जिवंत होता तो," ती म्हणाली. "हे नेझाच्या कानावर जाता कामा नये, त्स्वेतको. स्तानेच्याही नाही."