दोन बोटांचा लिनक्सवाला

छापखान्याचा जिना एका माणसापुरताच होता. ती प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून उतरत होती, आणि तो खांद्याला पिशवी लटकवून, दोन्ही हातांत कॉम्प्युटरचा डबा घेऊन चढत होता. बरोब्बर मधल्या पायरीवर दोघं समोरासमोर आले.

"जरा मागे व्हाल?" तो म्हणाला.

"मी आधी उतरायला लागले होते."

"पण वजन माझ्याकडे जास्त आहे."

"वजनाचं काय... डबा पडला तर दुसरा मिळेल. ही पानं पडली तर क्रमानं लावण्यात माझी दुपार जाईल."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पानांकडे. मग मागे अंदाजानं पाय टाकत, उलट्या पावली खाली उतरला. ती ऐटीत त्याच्या शेजारून निघून गेली. कोपऱ्यावर पोचल्यावर मात्र तिला वाटलं— निदान हसायला तरी हवं होतं.

परत आली तर तो तिच्याच खुर्चीवर!

"हा लिनक्सवाला," मामा म्हणाला. छापखाना मामाचा. "आपल्या कॉम्प्युटरवरचं ऑफिस, म्हणजे ते लिहायचं सॉफ्टवेअर, फार जुनं झालंय ना, ते नवं करून देणार आहे. आणि हे बघ रे, काही विचारायचं तर ताईला विचार. पुस्तकांची पानं लावायचं काम तिचं."

"सगळे तुम्हाला ताई म्हणतात?" त्यानं विचारलं.

"हो. छपाईच्या मशीनवरचे दादासुद्धा. ते माझ्या दुप्पट वयाचे आहेत."

"मी नाही म्हणणार हं. आधीच सांगून ठेवतो."

"मग काय म्हणणार?"

"ते... अजून ठरायचंय."

मामा उगाच खाकरला आणि शाईचे डबे मोजायला आत गेला.

घाईचं कारण होतं. सुईणींच्या शाळेच्या सिस्टरबाईंचं पुस्तक छापायला आलं होतं. दोनशे चाळीस पानं, शेवटी चारशे शब्दांची सूची. कुठला त्रास कुठल्या पानावर, ते त्या सूचीत बघायचं. सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या मुली लांबच्या वस्त्यांत एकट्या जातात. बाई अडली, हात थरथरतायत, अशा वेळी पुस्तक उघडायचं तर पान लगेच सापडलं पाहिजे. सूची चुकली तर मी पुस्तक दुसरीकडे नेईन." त्यांनी पाठवलेले शेवटचे तक्ते नव्या धाटणीचे होते. जुन्या ऑफिसात ते उघडले की त्यांच्या रांगा एकमेकींच्या अंगावर पडत. म्हणून हा लिनक्सवाला— छापखान्यातले कॉम्प्युटर लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर चालत, ते सांभाळणारा.

तिच्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. एकटीनं लावलेलं हे तिचं पहिलं पुस्तक. "हे पार पडलं तर मागची खोली तुझी," मामा म्हणाला होता. "दारावर पाटी लावू. पानांचा सगळा कारभार तुझ्या हाती." मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. त्या उजेडात ती मनातल्या मनात स्वतःला कितीदा बसवून आली होती!

लिनक्सवाल्यानं पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि तीत लिहायला सुरुवात केली. ती बघत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"काय झालं?"

"तुम्ही दोन बोटांनी टाइप करता?"

"दोन पुरतात."

"बाकीची आठ काय सुट्टीवर आहेत?"

त्याचे कान लाल झाले. "घाई केली की चुका होतात, बाईसाहेब."

"सरका. तुम्ही सांगा, मी लिहिते."

तो एकेक आज्ञा सांगत गेला, ती दहा बोटांनी लिहीत गेली. काळ्या चौकटीत ओळी भराभर धावू लागल्या. तो सांगून थांबायच्या आत तिचं लिहून झालेलं असायचं. असं कुणी आपल्यापुढे धावतंय, याची त्याला सवय नव्हती. आणि गंमत म्हणजे, त्याला ते आवडत होतं.

दुपारी ती प्रुफं आणायला पुन्हा बाहेर गेली, तेव्हा राहिलेलं काम त्यानं एकट्यानं उरकलं. जुनं ऑफिस काढलं. काढल्यावर कॉम्प्युटरनं वीसेक नावांची यादी दाखवून विचारलं, हे सामान आता कुणाला लागत नाही, तेही काढू का? असं तो नेहमीच विचारतो. त्यानंही नेहमीसारखं, यादी न वाचता, हो म्हटलं. मग नवं ऑफिस चढवलं.

तिनं येऊन पुस्तक उघडलं. खालच्या कोपऱ्यातला पानांचा आकडा तिनं दोनदा वाचला.

दोनशे सत्तेचाळीस.

"हे काय केलंत तुम्ही? सात पानं वाढली! माझी सूची... सगळे आकडे चुकले!"

"नव्या ऑफिसात थोडं इकडेतिकडे होतंच. तुमच्या मांडणीत काहीतरी—"

"माझी मांडणी सकाळपर्यंत ठीक होती."

"सॉफ्टवेअर आपणहून पानं वाढवत नाही."

"आणि मीही वाढवत नाही!"

तिनं एक पान छापून काढलं आणि कालचं प्रूफ घेऊन खिडकीशी गेली. दोन्ही पानं एकावर एक ठेवून काचेला टेकवली. तो मागे येऊन उभा राहिला. जरा लांबच, पण इतकाही लांब नाही.

"हा ल बघा," ती म्हणाली.

"ल?"

"माझा ल दोन गोल पाकळ्यांचा आहे. हा उभ्या दांडीचा ल कुणाचा? आणि श बघा, त्याचंही तेच. ही माझी अक्षरंच नव्हेत. अंगानं जाड आहेत, म्हणून ओळी फुगल्या."

त्याला रोज कामात शेकडो अक्षरं दिसत, पण अक्षराला चेहरा असतो हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. तो परत कॉम्प्युटरपाशी बसला. काय आलं, काय गेलं याची नोंद लिनक्स ठेवतं. ती नोंद त्यानं ओळीनं वाचली. चौदाव्या ओळीवर तो थांबला.

मग उठला आणि सरळ मामाच्या टेबलापाशी गेला.

"मामा, चूक माझी आहे. यादी न वाचता मी त्यांचा फॉन्ट काढून टाकला. त्यांचं काही चुकलेलं नाही."

ती ऐकत होती. मोठ्यानं भांडणारे तिनं खूप पाहिले होते. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा... तिनं पटकन मान वळवली, कारण चेहरा तिचं ऐकेना.

फॉन्ट परत चढवायला पाच मिनिटं लागली. पाकळ्यांचा ल पानावर आला. आकडा उतरू लागला... आणि दोनशे बेचाळीसवर थांबला.

"दोन अजून जास्त," ती म्हणाली. "आणखी काय काढलंय?"

"काही नाही. शप्पथ." तो जरा घुटमळला. "एक दाखवू? रागावणार नाही ना?"

"ते बघितल्यावर ठरवीन."

त्यानं एक बटण दाबलं. एरवी न दिसणाऱ्या खुणा पानावर उमटल्या— जिथे जिथे एंटर दाबलेलं होतं, तिथे तिथे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी खुणांची मुंग्यांसारखी रांग. त्यानं मोजलं.

"पान संपवायला... चौदा वेळा एंटर?"

तिनं पुढे वाकून त्या खुणा स्वतः मोजल्या.

"म्हणजे वर एक ओळ सरकली की पुढचं सगळं—"

"कळलं." मग हळूच म्हणाली, "मी टाइपरायटरवर शिकले. तिथे कागद पुढे ढकलायचा तर ओळी सोडाव्याच लागतात. पुढे इथे बसले, आणि... कुणी सांगितलंच नाही. दोन पानं माझी."

"पाच माझी," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा मीच जास्त."

ती हसली. मनापासून. तो त्या हसण्याकडे बघत राहिला आणि कॉम्प्युटरनं काय विचारलंय ते त्याला तीनदा वाचावं लागलं. आता तो यादी वाचूनच हो म्हणत होता, पण त्या क्षणी यादीतलं काही डोक्यात शिरेना.

सिस्टरबाई शुक्रवारी सकाळी येणार होत्या. मधे तीन दिवस. त्यानं तिला एकाच आज्ञेत पान तोडायला शिकवलं. मथळे एकदाच ठरवून सगळीकडे कसे लावायचे तेही शिकवलं. सूचीसाठी शब्दाशब्दावर खूण करायची, मग पानं सरकली तरी आकडे आपले आपण बदलतात. तो सूचीतले शब्द वाचून दाखवायचा, ती पानात जाऊन खुणा करायची.

"स्तन..." तो अडखळला. "...पान. स्तनपान."

"मोठ्यानं वाचा. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही."

"स्तनपान!" तो ओरडला, आणि नेमकं त्याच क्षणी मशीन थांबलं. पलीकडून दादांचा आवाज आला, "ताई, आमच्या नातवाचं व्यवस्थित चाललंय, सांगा त्यांना!"

तिला ठसका लागला. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. देताना बोटं लागली... दोघांनी ती जरा उशिरानंच काढून घेतली.

"तुझं काम बुधवारीच संपलं होतं ना?" गुरुवारी दुपारी तिनं विचारलं. 'तू' कधी सुरू झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"संपलं होतं."

"मग?"

"तू लिहितेस ते बघायला येतो," तो म्हणाला. आणि खाली वाकून उगाचच एक वायर घट्ट केली.

शुक्रवारी सिस्टरबाई आल्या. पांढरी कडक साडी, चष्मा, चेहऱ्यावर हसू नाही. मामा हात पुसत उभा. दादांनी मशीन बंद केलं. सगळ्या छापखान्यात एवढी शांतता की खिडकीतल्या कागदांची फडफड ऐकू यावी.

"रक्तस्राव," सिस्टरबाई म्हणाल्या.

तिनं बांधलेल्या प्रुफातली सूची उघडली. "सत्त्याऐंशी."

त्यांनी पान काढलं. रक्तस्राव होता.

"पायाळू."

"एकशे बारा."

होता.

सिस्टरबाईंनी पुस्तक मिटलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "माझी एक मुलगी आहे. चौथीपर्यंत शिकलेली, पण हात सोन्याचे. बाई बेशुद्ध पडली, तर तिला 'बेशुद्धी' हा शब्द सुचणार नाही. ती काय शोधेल?"

"तीन शब्दांखाली दिलंय, सिस्टर," ती म्हणाली. बोट सूचीवरून फिरत होतं. "बेशुद्धी. भान जाणे. आणि डोळे फिरवणे. माझी आई तसंच म्हणते, म्हणून टाकलं. तिन्हीकडे पान एकच— एकशे एकोणचाळीस."

सिस्टरबाईंनी तिन्ही शब्द स्वतः शोधले. तिन्ही वेळा एकशे एकोणचाळीसावर आल्या. मग पुस्तकावरून हात फिरवला.

"हल्ली हे सगळं कॉम्प्युटर करतो म्हणे."

"नाही, सिस्टर." बोलला तो लिनक्सवाला. कोपऱ्यात उभा होता, आता पुढे आला. "कॉम्प्युटर आकडे लावतो. घाबरलेली मुलगी काय शोधेल, ते त्याला कळत नाही. हे हिनं केलंय. चारशेच्या चारशे शब्द हिनं एकेक विचार करून ठेवलेत. मी तीन दिवस बघतोय."

हे सांगताना त्याची मान अशी ताठ होती, जणू पुस्तक त्याच्या घरचं आहे.

"छापा," सिस्टरबाई म्हणाल्या. आणि जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मशीन पुन्हा सुरू झालं. जमीन हलायला लागली. मामा डोळे पुसत होता आणि शाईचा वास झोंबतो म्हणून सांगत होता. तीस वर्षांत शाई त्याला कधी झोंबली नव्हती. मागच्या खोलीत नेऊन त्यानं तिथली किल्ली तिच्या हातात दिली, पण देताना जरा रेंगाळला.

"देतोय खरा. पण उद्या लग्न होऊन गेलीस म्हणजे?"

ती उत्तर देणार, एवढ्यात दार वाजलं. लिनक्सवाला पिशवी घ्यायला आला होता. पिशवी कधीचीच त्याच्या खांद्यावर होती.

मामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दादांना काहीतरी सांगायचं राहिलं असं पुटपुटत बाहेर गेला. दार त्यानं पुरतं लावलं नाही.

मागच्या खोलीत उत्तरेचा उजेड स्वच्छ पडला होता. धूळ होती, एक मोडकं कपाट होतं, आणि मधोमध ती दोघं.

"मला..." तो म्हणाला. "म्हणजे... नीट मांडून आणलं होतं मी. आता सगळं सरकलं."

"मांडणीशिवाय बोल."

"तू मला आवडतेस. जिन्यावरच आवडलीस. तेव्हा राग आला होता, पण आवडलीस." त्यानं श्वास घेतला. "माझ्याशी लग्न करशील?"

तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

"तूही मला आवडतोस," ती म्हणाली. "मामासमोर चूक सांगितलीस ना... तेव्हापासून. पण एक ऐक. ही खोली मी मिळवलीय. लग्न केलं तरी मी इथेच बसणार. पानं लावणार. हे तुला चालणार असेल तरच."

"चालेल का, असं कसं विचारतेस?" तो म्हणाला. "आज सिस्टरबाईंसमोर मला केवढा अभिमान वाटला, तुला माहीत नाही. माझं दुकान काय, या पिशवीत मावतं. मीच येईन इकडे राहायला. जवळ खोली बघू. लोक हसतील—"

"हसू देत."

"हसू देत," तोही म्हणाला.

दाराबाहेर कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

"मामा, आत या," ती म्हणाली. "तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंय. मी कुठेही जात नाही. आईला बोलवा, तिलाही मीच सांगते."

मामा आत आला. मागोमाग दादा, शाईचे हात मागे लपवत. तिनं सगळ्यांसमोर लिनक्सवाल्याचा हात हातात घेतला, आणि उत्तरेची खिडकी सताड उघडली.