मोजणीत न धरलेला माणूस

पहिल्याच दिवशी त्यानं माझी गोष्ट मोडली.

समुद्रातल्या किल्ल्यावर मी पर्यटकांना फिरवते. बुटक्या दारापाशी आले की आवाज जरा खाली आणते आणि सांगते, "शत्रूनं मान तुकवूनच आत यावं, म्हणून दार एवढंसं ठेवलं!" लोक खूश होतात, वाकून वाकून फोटो काढतात.

"दार बुटकं नाहीये," वरून आवाज आला. "वाळू वर आलीय. शेकडो वर्षं लाटा आणून टाकतायत. उकरून बघा, घोड्यावरून आत जाता येईल."

तटाला टेकवलेल्या शिडीवर एक माणूस भिंतीच्या भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवत होता. पर्यटक हसले. माझे कान तापले.

"आपण कोण?"

"भिंतींचा डॉक्टर म्हणा. काच तडकली की समजायचं, भिंत अजून हलतेय."

"मग भिंतीकडे बघा. माझ्या दाराकडे कशाला?"

"दार भिंतीतच असतं ना, बाई…"

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याच होडीतून येऊ लागला. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून माझी चार वर्षांची लेक माझ्यासोबतच असते. कानापर्यंत येणारं लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी आणि फ्रॉकचं टोक माझ्या मुठीत. तिनं त्याचं बारसं करून टाकलं — काचकाका.

"वीस फूट दोरी आहे माझ्याकडे," एकदा तो म्हणाला. "तिला बांधायला देऊ?"

"द्या. उरली तर तुम्हालाही बांधते. शिडीवर काय लोंबकळता!"

"म्हणजे बघता तर…"

मी घाईघाईनं समुद्राकडे बघितलं. समुद्र नेहमीसारखाच होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

दिवसभर मी शेकडो लोकांशी बोलते. संध्याकाळी कुलूप उघडताना लक्षात येतं, की त्यातलं एक वाक्यही आपण आपल्यासाठी बोललेलो नाही. लेक झोपली की घर मोठं होत जातं. गॅस बंद आहे ना, कडी लागलीय ना, ती श्वास घेतेय ना, हे दोन-दोनदा बघायचं. तिसऱ्यांदा बघताना हल्ली मनात भलताच विचार यायचा — उद्या त्यानं कुठला शर्ट घातला असेल?

"रविवारी घरी चहाला येऊ?" त्यानं एके दिवशी सरळच विचारलं.

"नको." मग वाटलं, नुसतं 'नको' म्हणणं बरं नाही. "हिचे बाबा वेगळे राहायला लागल्यावर 'रविवारी येतो' म्हणायचे. ही बूट घालून दारात बसायची. दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची… आता कुठे बसायची थांबलीय. तिला पुन्हा कुणाची वाट बघायला लावणार नाही मी."

त्यानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

सहा आठवडे झाले, त्याचं काम संपलं. शेवटच्या दिवशी भरतीआधी निघायची घाई होती. मी डोकी मोजली — चौदा. "झाले सगळे, चला!" होडी सुटली. अर्ध्या वाटेवर लेक माझ्या कानाशी आली.

"आई, काचकाका कुठेत?"

मी झटकन मागे वळून किल्ल्याकडे बघितलं.

पर्यटकांना धक्क्यावर उतरवून आम्ही परत वळलो. नावाडीदादा गालात हसत होते. "सहा वर्षांत एक माणूस मागे नाही राहिलं तुमचं. राहिला तो नेमका हाच?"

"दादा, गप्प बसा हो."

"मी कुठे काय म्हणतोय? मी आपली होडी चालवतोय."

तो शेवटच्या पायरीवर बसला होता, पॅंट गुडघ्यापर्यंत भिजलेली. लेक धावणार म्हणून मी तिचा फ्रॉक धरला.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही. पण गर्दी गेली की किल्ला केवढा होतो हो…"

"माहितीय. माझं घर रोज होतं."

त्यानं भिजलेली पॅंट पिळली. मग म्हणाला, "रोज मोजता मला. आज कसा विसरलात?"

"विसरले नाही. चौदा पर्यटक होते, चौदा मोजले. स्वतःला, हिला, दादांना मी मोजत नाही. घरच्यांना कोण मोजतं…"

बोलून गेले, आणि मगच ऐकलं.

"म्हणजे आज मी —"

"चला, पाणी चढतंय."

तो हलला नाही. "उद्या जातोय मी. पुढचा किल्ला आठ तासांवर आहे. दर रविवारी येईन असं नाही म्हणणार, कारण जमणार नाही. पण ज्या रविवारी येणार नसेन, त्याच्या आदल्या दिवशी सांगेन. न सांगता कधीच गैरहजर राहणार नाही. एवढं चालेल?"

मी लेकीच्या फ्रॉकचं टोक सोडलं. ती पळत जाऊन त्याच्या मांडीवर बसली.

"चालेल," मी म्हणाले. आवाज माझाच होता आणि माझ्यासाठीच.

पहिल्या रविवारी तो आला. दुसऱ्याही. लेकीनं त्याला सगळ्या बाहुल्या दाखवल्या, मी चहात दोनदा साखर घातली, त्यानं तो निमूट प्यायला.

तिसऱ्या शनिवारी कपडे वाळत घालताना फोन वाजला.

"उद्या नाही जमत," तो म्हणाला. "तटाचा एक कोपरा ढासळलाय. लेकीला आजच सांगा."

मी हातात ओला फ्रॉक घेऊन तशीच उभी. 'येणार नाही' असं आजवर मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. पुन्हा सांगा."

"काय, येत नाही हे?"

"हो."

"अजब बाई आहात…" तो हसला. मग सावकाश, एकेक शब्द जपून ठेवावा तसा म्हणाला, "उद्या… मी… येत नाहीये."