आधी जाऊबाई

वर्धा रोडवरच्या आमच्या केंद्रात माझ्यासमोर दोन स्क्रीन असतात आणि त्यांवर शहरभरचे म्हातारे-म्हाताऱ्या. सकाळचा चहा झाला की ते घरच्या घरी रक्तदाब, साखर, ऑक्सिजन मोजतात आणि आकडे माझ्याकडे येतात. हृदयाच्या डॉक्टरांनी वाढवलेली गोळी किडनीच्या डॉक्टरांना कळवायची, एवढं माझं काम. मी फार्मसी शिकलेली बाई. अंगात येणं, दृष्ट लागणं यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

नंदनवनातल्या यमुताई माझ्या लाडक्या. हृदय, किडनी, साखर, सगळंच नरम, जीभ तेवढी ठणठणीत. टॅबलेटवर आमची रोज भेट व्हायची. पण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्या आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हाताला लावायच्या. ती खुर्ची त्यांच्या थोरल्या जाऊबाईंची, सुभद्राबाईंची. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. लग्न होऊन कुहीच्या घरी आल्यापासून यमुताईंनी आंघोळ, जेवण, सगळं जाऊबाईंच्या मागून केलं होतं. सासूची बोलणीसुद्धा आधी जाऊबाई खायच्या. यमुताईंचा नंबर येईस्तोवर सासू दमलेली असायची.

"बाईच्या आधी मी कशी लावू वं?" त्या म्हणाल्या.

मी हसले. गंमत म्हणजे लाकडावरही आकडा यायचा, शेजारी नाडीचा हिरवा ठिपका उडायचा. आमचा तंत्रज्ञ म्हणाला, हा उजेडाचा खेळ, ही यंत्रं पेन्सिललासुद्धा नाडी दाखवतात. मी पहिला आकडा सोडून द्यायला लागले.

दिवाळीनंतर खुर्चीचा आकडा घसरला. दुसऱ्या दिवशी यमुताईंना दम लागला, पण थोडासाच. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. तिसऱ्यांदा मी खुर्चीचा आकडा पाहूनच नर्सला त्यांच्या घरी पिटाळलं. पायांवर सूज नुकती चढत होती. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली आणि दवाखाना टळला. त्यानंतर रोज सकाळी मी आधी खुर्चीकडे बघायचे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

जानेवारीतल्या एका सकाळी यमुताईंनी चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावला. आकडा छान होता. मी विचारलं, आज तुम्ही आधी?

"बाई म्हणे, आज तू पहिले लाव. माह्यानं आता होत नाही."



मी अँब्युलन्स पाठवली, शेजारच्या प्रेमलताबाईंना त्यांच्याजवळ बसायला सांगितलं. डॉक्टर चिडले, सगळे आकडे चांगले असताना हा तमाशा कशासाठी? यमुताई कुरकुर करत स्ट्रेचरवर चढल्या. दवाखान्याच्या दारातच त्यांचं हृदय बंद पडलं. दारात होत्या, म्हणूनच ते पुन्हा सुरू करता आलं. दवाखान्यातून आलेला फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

काल त्या घरी आल्या. आज सकाळी टॅबलेटवर दिसल्या तेव्हा चेहरा एवढासा झाला होता, हसू मात्र तेच. चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावला.

मी विचारलं, "आणि जाऊबाई?"

"बाई गेली. आता मोठी मीच."

मग त्यांनी चिमटा काढून खुर्चीच्या हाताला लावला.

"आता तिथे कोण आहे, आजी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लेकीकडे बघतात तसं, मायेनं.

"भिऊ नको, पोरी. जे येईन थे आधी माह्यावर येईन. तू मागून ये."

स्क्रीनवर दुसरा आकडा आला. हिरवा ठिपका उडायला लागला, जरा घाईघाईनं.

मी माझ्याच मनगटावर दोन बोटं ठेवली.

एक ठोका चुकला. ठिपकाही चुकला.