ओढ्यापलीकडचे चेहरे

प्रतिमाला दगडातले चेहरे बघायचे होते. सेंट जॉन बेटाच्या जंगलात, डोंगराच्या पोटाशी धबधब्याचं एक कुंड आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी कुंडाकाठच्या खडकावर शेकडो वर्षांपूर्वी चेहरे कोरून ठेवले, आणि पाणी स्थिर असलं की ते खाली उलटेही दिसतात, असं तिनं वाचलं होतं. क्रूझला ती हो म्हणाली ती केवळ त्यासाठी.

राजारामनं मात्र काचेच्या तळाच्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती.

"बसल्या बसल्या मासे दिसतात," जहाजाच्या डेकवर नाश्ता करताना तो म्हणाला. "एसी आहे, बाथरूम आहे. तुला काही त्रास नाही."

"मासे मला घरी, ईडन प्रेरीच्या डेंटिस्टच्या टाकीतही दिसतात."

"प्रतिमा, दोन वर्षं झालीत फक्त."

दोन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला होता. डाव्या हाताची पकड गेली ती पुरती परतली नाही. डावा पाय दमल्यावर जमिनीला घासायचा. कॉलेजातली फिजिक्स लॅब चालवणारी बाई घरी बसली. तेव्हापासून राजाराम जिन्यावर, पार्किंगमध्ये, देवळात तिचं कोपर धरून चालायचा. तो मेडिकल उपकरणांच्या कंपनीत सेफ्टीचं काम बघायचा. आता त्याचं सगळ्यात नाजूक उपकरण म्हणजे प्रतिमा होती!

"तू बोटीत बैस," ती उठत म्हणाली. "मी निघाले."

त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी अस्मिता बेलव्ह्यूच्या नोकरीतून खास सुट्टी काढून आली होती. तिनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आय ॲम विथ आई," ती म्हणाली आणि बूट घालायला पळाली. अर्थात राजारामही मागोमाग आला. हातात दोन काठ्या, पिशवीत बँडेज आणि चेहऱ्यावर आठ्या!

सेंट थॉमसच्या धक्क्यावर जहाज लागलं होतं; तिथून फेरीबोटीनं ते सेंट जॉनला पोचले. भूमी अमेरिकेची, पण गाड्या डावीकडून धावत होत्या. उघड्या टपाच्या टॅक्सीनं त्यांना डोंगरमाथ्यावर, पायवाटेच्या तोंडाशी सोडलं. पाचला जहाज सुटणार होतं, म्हणजे वेळ भरपूर होता.

वाट सरळ खाली जंगलात उतरत होती. दोन्ही बाजूंना साल गळालेली गुळगुळीत खोडं होती. त्यांची पानं चुरडली की लवंगेसारखा वास हाताला लागायचा. झाडांच्या बेचक्यांत वाळवीची काळी वारुळं टांगल्यासारखी दिसत होती, आणि पाचोळ्यातून उसने शंख पाठीवर घेतलेले खेकडे कुरकुरत उतारानं समुद्राकडे निघाले होते. प्रतिमा एकेक पाऊल बघून टाकत होती. राजारामचा हात कोपराकडे आला की ती कोपर काढून घ्यायची.

"पडशील."

"मग पडेन. उठेन."

उतार संपत आला तसं ऊन गेलं. माथ्यावर ढग जमले होते आणि वर कुठेतरी पाऊस कोसळत असल्याचा घोंघावता आवाज येत होता. खाली मात्र एक थेंब नव्हता. कुंडाकडे जाणारी वाट मुख्य वाटेपासून फुटली आणि एका घळीपाशी येऊन थांबली. मोठमोठ्या गोट्यांनी भरलेला जवळजवळ कोरडा ओढाच तो, तळाशी घोटाभर पाणी. पलीकडे झाडीत उंच काळा खडक दिसत होता. तिथेच कुंड!

"मी आधी जातो," राजाराम म्हणाला. "कुठले दगड हलतात ते बघतो. मग तू."

"मला कळतं दगड हलतो की नाही ते!"

पण पिशवी आणि एक काठी काठावर टाकून तो उतरलाही होता. एक दगड, दुसरा दगड, तिसऱ्यावर काठी ठेवली आणि काठी सटकली! तो आडवा कोसळला. उजवा पाय दोन गोट्यांच्या फटीत खोल गेला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज आला की अस्मिताचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! डोन्ट मूव्ह!"

"निघत नाहीये पाय... थांब, तू येऊ नकोस—"

तेवढ्यात प्रतिमाला पाण्याचा रंग दिसला. घोटाभर स्वच्छ पाणी आता तांबूस झालं होतं. त्यातून पानं वाहत होती. पाणी चढत होतं!

"अस्मिता, तो झोपाळा काढ! लवकर!"

सकाळी धक्क्यावर अस्मितानं नायलॉनचा झोपाळा विकत घेतला होता, झाडांना बांधायच्या दोन लांब पट्ट्यांसकट. प्रतिमानं पट्ट्या झोपाळ्याच्या दोन टोकांना अडकवायला लावल्या. एक लांबलचक दोर तयार झाला. काठावर, प्रवाहाच्या थोडं वरच्या अंगाला, लवंगेच्या वासाचं एक जाड झाड होतं. त्याच्याभोवती तिनं दोराचे तीन वेढे घातले.

"दुसरं टोक कमरेला बांध आणि जा. त्याचा पाय सुटला की त्यालाही त्याच दोरात घे."

"आई, तुला धरवेल? युअर हँड..."

"मी धरणार नाही, झाड धरेल! वेढे आहेत ना, मला फक्त शेपूट पकडायचंय. जा!"

अस्मिता उतरली. पाणी गुडघ्याला लागत होतं. राजाराम बसल्या जागी छातीपर्यंत बुडाला होता. तिनं फटीत हात घातला. बूट अडकला होता. नाडी सापडेना. सापडली. गाठ सुटेना! वरून दगड गडगडल्यासारखा आवाज येऊ लागला.

"बाबा, ओढा पाय!"

"आईला घेऊन वर जा तू! मला—"

"राजाराम!" काठावरून प्रतिमा ओरडली. लग्नाला तीस वर्षं झाली, तिचा एवढा मोठा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "गप्प बैस आणि पाय ओढ!"

त्यानं ओढला. किंचाळला. बूट तिथेच राहिला, पाय सुटला! अस्मितानं दोर त्याच्या काखेतून घातला, गाठ मारली, आणि त्याच क्षणी वळणावरून पाणी आलं. तपकिरी, कमरेइतकं उंच, फांद्या आणि माती घेऊन! दोघंही दिसेनाशी झाली.

दोर ताठ झाला. झाडाची साल करकरली. प्रतिमानं उजव्या हातानं शेपूट छातीशी आवळलं, डावा हात नुसता वरून दाबून धरला. दोर सरकला. इंचभर. आणखी इंचभर. "नाही!" ती दात आवळून म्हणाली. "नाही सोडणार. काय करायचं ते कर!" ती झाडाला अंगानं रेलली, डावा पाय मुळांमध्ये रोवला. वेढे घट्ट बसले. दोर थांबला.

आणि तिनं अंदाज केला होता तसंच झालं. दोर वरच्या झाडाला बांधलेला, त्यामुळे पाण्यानंच त्या दोघांना झोका दिल्यासारखं काठाकडे ढकललं. आधी अस्मिताचं डोकं वर आलं. मग राजारामचं. अस्मितानं एक मूळ पकडलं, बाबांची कॉलर पकडली, आणि दोघं चिखलात उपडी पडली. खोकत होती. जिवंत होती!

प्रतिमानं दोर सोडला तेव्हा कळलं की तळहाताची कातडी सोलवटली आहे.

राजारामचा घोटा सुजून टम्म झाला होता. त्याला टेकवतसुद्धा नव्हतं. फोनला रेंज नव्हती. डोंगरमाथ्यावर ती होती, पण तिथवर चढण होती.

"तुम्ही दोघी जा," राजाराम म्हणाला. थंडीनं त्याचे दात वाजत होते. "अजून जहाज मिळेल. मी इथे बसतो. वरून कुणाला तरी पाठवा. आपलं सगळं सामान तिकडे आहे..."

"जहाज गेलं तर जाऊ दे," प्रतिमा म्हणाली. "अस्मिता, तू वर जा. रेंज आली की पार्कवाल्यांना फोन कर, बाबांचा पाय मोडलाय म्हणून सांग. धावू नकोस, दगड ओले आहेत."

"आणि तू?"

"मी इथेच."

अस्मिता घुटमळली. मग तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि वाटेला लागली.

ओल्या झोपाळ्याला पिळून प्रतिमानं तो राजारामच्या अंगावर टाकला. पाय दगडावर उंच ठेवला, पिशवीतलं बँडेज बांधलं. एका हातानं आणि दातांनी बांधलं, पण नीट बांधलं. तो बघत राहिला.

"मी तुला धरायला आलो होतो," तो म्हणाला.

"माहितीये."

"भीती वाटते गं मला. तू किचनमध्ये पडली होतीस ना, तेव्हापासून. मी झोपेतसुद्धा तुझा श्वास ऐकतो."

हे त्यानं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. प्रतिमा त्याच्या शेजारी बसली. "मग भी," ती म्हणाली. "मला बांधून ठेवू नकोस."

जसं पाणी चढलं, तसंच ते उतरायला लागलं. ऊन परत आलं. ओढ्यातले मोठे गोटे डोकी वर काढू लागले आणि पलीकडचा काळा खडक चमकायला लागला. इतका जवळ, की तिला वाटलं त्यावरच्या रेषाही दिसताहेत.

राजारामनं तिची नजर पाहिली. मग म्हणाला, "जा. बघून ये. मी कुठे पळतोय?"

ती उठली. काठावर गेली. पाणी गुडघ्याखाली आलं होतं, पण अजून गढूळ होतं. तळाचा एकही दगड दिसत नव्हता. तिनं काठी टाकून बघितली. काठी फटीत गेली आणि वाकली. पलीकडे जायला ती आली होती. दोन वर्षं, जिममधल्या ट्रेडमिलच्या त्या कंटाळवाण्या पट्ट्यावर चालताना, तिनं डोळ्यांसमोर हाच खडक ठेवला होता.

ती परत येऊन त्याच्याजवळ बसली.

"काय झालं? मी खरंच म्हणतोय, जा."

"नाही जात. तू हो म्हणालास म्हणून जाणार नाही, आणि तू नाही म्हणाला असतास तर थांबलेही नसते. हे पाणी मी बघितलंय. 'नाही' हे मी म्हणतेय."

तो हसला. हसताना घोटा दुखला, तरी हसत राहिला.

दुपार कलताना पार्कची माणसं चाकाचं स्ट्रेचर घेऊन आली, अस्मिता त्यांच्या पुढे. त्यांनी राजारामला पट्ट्यांनी बांधलं. त्यातल्या एका उंच बाईनं प्रतिमाच्या पायाकडे पाहून विचारलं, की दुसरं स्ट्रेचर मागवू का?

"नो, थँक यू," प्रतिमा म्हणाली. "आय वॉक."

ती चढली. दर वळणावर थांबली, दमली, पाय घासला, दोनदा गुडघ्यावर आली. कुणी हात पुढे केला नाही, कारण स्ट्रेचरवरून राजाराम सगळ्यांना मराठी-इंग्रजीत बजावत होता, "तिला धरू नका! मागितला तरच हात द्या!" शेवटच्या चढावर तिनं मागितला. अस्मितानं दिला.

माथ्यावर आले तेव्हा पश्चिमेला, बेटांच्या मधून, त्यांचं पांढरं जहाज खुल्या समुद्राकडे निघालेलं दिसलं.

"आई! आपल्या बॅगा! माझा लॅपटॉप! ओ माय गॉड, ते खरंच गेलं!"

प्रतिमानं पाहिलं. सोललेला तळवा तिनं वाऱ्यावर धरला, गार वाटलं.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि ॲम्ब्युलन्समध्ये राजारामच्या शेजारी चढताना ड्रायव्हरला विचारलं, "पाऊस नसेल तर हा ओढा किती दिवसांत कोरडा होतो?"