हँगरच्या भिंतीवरची सावली

चहा निवून गेला होता. पाटगावकरांनी पडद्यावर वाघेरी विमानतळ उघडला, तर मागच्या हँगरभोवती लाल चौकट आलेली.

वैमानिक होऊ पाहणारी मुलं आता पहिले सहा महिने आभासी विमानातच उडत. त्या विमानाच्या खिडकीतून दिसणारी धावपट्टी, मनोरा, हँगर हे सगळं पाटगावकर घडवत. आधी मापाप्रमाणे आकार उभा करायचा, मग खऱ्या भिंतींचे फोटो त्यावर कातडीसारखे चढवायचे. यंदा हे काम तपासायला ‘पडताळक’ आला होता. सावली पाहून ती पाडणारी वस्तू हुडकून काढणारी प्रणाली.

फोनवर कंपनीची तपासनीस हुमेरा होती.

“सर, भिंतीवर सावली आहे आणि वस्तूच नाही. भूत पाळलंय का तुम्ही?”

“मोजकाठी धरलेलं माणूस असेल. सावली पुसायची राहिली.”

“मग पुसून टाका, नाहीतर वस्तू तरी उभी करा. दुपारी मुलं उडणार आहेत.”

माणूस म्हणजे त्यांची बायको, शैला. चार वर्षांपूर्वी फोटो काढताना ती विमानतळाच्या प्रत्येक भिंतीशी काठी धरून उभी राहिली होती. काठीवरच्या आकड्यांवरून भिंतीची उंची कळते. घरी आल्यावर पाटगावकरांनी फोटोतल्याच शेजारच्या पत्र्याचे तुकडे जोडून एकेका फोटोतून तिला पुसलं. मूळ फोटो जागा अडवतात म्हणून काढूनही टाकले. पुढच्या होळीच्या आत शैला गेली. पोटातलं दुखणं फार उशिरा कळलं, असं डॉक्टर म्हणाले.

पाटगावकरांनी सावली पुसली नाही. ‘वस्तू उभी करा’ दाबलं.

पडताळकाने फोटोची वेळ घेतली, सूर्याची दिशा घेतली, आणि भिंतीपुढे हळूहळू एक राखाडी बाई उभी राहिली. चेहरा नव्हता. अंगाच्या मापांवरून काढलेली उंची चार फूट अकरा इंच. बरोबर होती.

एका हातात काठी. दुसरा हात पोटावर दाबलेला. कमरेत वाकलेली.

फोटोत त्यांनी फक्त काठीवरचे आकडे पाहिले होते.

“शैला, सरळ उभी राहा ना. माप चुकतं.” आपलंच वाक्य त्यांना आठवलं.

“राहिलेय हो,” ती म्हणाली होती. “तुम्ही काढा लवकर.”

“सर, झालं का?” हुमेराने विचारलं. मग तिच्याही पडद्यावर ती आकृती आली असावी. “अय्या, या कोण?”

“घरातलंच माणूस.”

हुमेरा म्हणाली, “राहू द्या मग. उतरताना मुलांना कुणीतरी दिसेल.”

पडद्यावर एक ओळ उमटली: ‘आकृतीची ठेवण सदोष आहे. सरळ करू?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही.

सरळ केली तर सावलीही बदलणार. मग ती त्या भिंतीशी दुखणं सोसत उभी होती, याची खूण कुठेच उरणार नव्हती. आणि नाही म्हटलं, तर दुपारपासून उतरणाऱ्या प्रत्येक विमानापुढे ती तशीच, पोट दाबून, काठी धरून.

आणखी किती वेळ तिला उभं ठेवायचं?