दुमडलेला कोपरा

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझी इस्त्री तापली होती आणि डोकंही. शर्टाच्या खिशावर हा एवढा जांभळा डाग, आणि वर विचारतो कसा, "संध्याकाळपर्यंत जाईल ना?"

"शर्ट जाईल. डाग राहील," मी म्हटलं.

तो हसला... आणि मी उगाचच इस्त्रीची वायर सरळ करत बसले.

शाळेत चित्रकला शिकवायचा तो. निवडणूक तोंडावर आली होती. शाळा सुटली की घरोघर फिरून, पहिल्यांदा मत देणाऱ्यांना शिक्का कसा मारायचा, मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते दाखवायचा. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याच टेबलावर नमुन्याचा कागद पसरला.

"अशी उभी घडी. नाहीतर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते."

"याला घडी म्हणतात? द्या इकडे." मी कागदावरून नख फिरवलं. "रोज दोनशे शर्टांच्या घड्या घालते मी."

"मग मला शिकवा की... रोज येईन."

माझे कान तापले. तेवढ्यात आत लाँड्रीचे मालक खाकरले आणि मी कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याच संध्याकाळी मालकांनी आम्हा सगळ्याजणींना उभं केलं. त्यांचे साडू निवडणुकीला उभे होते. "शिक्का त्यांच्यावर. आणि घडी घातल्यावर वरचा कोपरा दुमडायचा. मोजणीला माझा माणूस बसणार आहे. जितक्या बोटांना शाई, तितके कोपरे त्यांच्या गठ्ठ्यात हवेत. एक कमी पडला तर सगळ्या घरी. नसेल जमत तिने सरळ घरात बसावं. तरुण पोरींनी तर बसावंच."

आई तिथेच वीस वर्षं कपडे धूत होती. "गप दुमड आणि मोकळी हो," ती म्हणाली. पण याच साडूंनी आमची संध्याकाळची शाळा बंद पाडून तिथे गोदाम केलं होतं. माझं शिक्षण तिथेच थांबलं होतं.

"मी मतदानाला जाणारच नाही," दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"घाबरलीस?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"हो, घाबरले! तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, खरंय. पण आज घरी बसलीस, तर पुढच्या वेळी ते कोपऱ्याचेही कष्ट घेणार नाहीत. नुसते डोळे वटारतील."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मतदानाच्या रांगेत मी यादीतल्या नाव-नंबराची चिठ्ठी हातात घेऊन उभी होते. पुढच्या नव्या नवरीने विचारलं, "घडी कशी घालायची गं?" मी चिठ्ठीची उभी घडी घातली... आणि कोपराही दुमडला.

"हा कशाला?"

"नीट बसते घडी," मी म्हटलं. तिने पुढचीला दाखवलं, तिने तिच्या पुढचीला. पलीकडे पुरुषांच्या रांगेत तो उभा होता. मी हातातल्या चिठ्ठीचा कोपरा उलगडला, पुन्हा दुमडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मागे वळून लोकांना कोपऱ्यासकट घडी शिकवायला लागला.

मी मला हवा होता तिथेच शिक्का मारला.

मोजणीच्या दिवशी मालकांचा माणूस घाम पुसत आला. "मालक, कोपरेच कोपरे! सगळ्यांच्याच गठ्ठ्यांत!" मालकांची नजर एकेकीवरून फिरली. माझ्यावर थांबली... मी मान वर केली नाही. एक बाही करपली तेवढी. शेवटी ते पाय आपटत आत गेले.

साडू निवडून आले. अकरा मतांनी. आमच्या गल्लीतली चौदा तरुण पोरं-पोरी मतदानाच्या दिवशी घरात झोपून होती.

संध्याकाळी तो आला. टेबलावर शिक्का ठेवला, एक कागद ठेवला आणि पाठ फिरवून उभा राहिला. कागदावर दोनच चौकोन होते: हो आणि नाही.

"गुप्त मतदान आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मी शिक्का मारला. उभी घडी घातली. मग वरचा कोपरा नीट दुमडला, कारण हे मत कोणाचं आहे ते त्याला कळायलाच हवं होतं.